बसून बघायची चित्रं

१

तोशिएबाई भिंतीशी कुशीवर पडल्या होत्या आणि त्यांच्या वर, भिंतीवर, मोने या फ्रेंच चित्रकाराचं धुकं कसं ओळंब्यात टांगलेलं होतं. नदी, नदीवर धुकं, धुक्यात झाडं असावीत असं वाटणारे निळे डाग. फ्रेम नवी कोरी, सोनेरी कडेची. बाजूला स्टूल उलटं, बाईंच्या उजव्या मुठीजवळ हातोडी. खोली ऊबदार ठेवणारा रॉकेलचा स्टोव्ह धक्का बसताच आपोआप विझला होता, पण त्याच्या लोखंडी कोपऱ्यावर डोक्याला जे लागायचं ते लागून गेलं होतं.

"सरळ आहे, मॅडम," हवालदार त्सुकुदा म्हणाला. निवृत्तीला टेकलेला माणूस, त्याला सगळंच सरळ दिसे. "पंचाहत्तरीची बाई. चित्र टांगायला स्टुलावर चढली, उतरताना तोल गेला. आमच्या मामीचं असंच झालं. तिचा निदान दिवा बदलायचा होता."

इन्स्पेक्टर ओगाता मिसाओ दारातच थांबल्या. ताकामात्सुमध्ये असली घरं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. नवरा गेला, मुलं लांबच्या वस्तीत गेली, की खोलीत चित्रं येतात. कुणाकडे रन्वारच्या गोऱ्या मुली, कुणाकडे पिसारोची शेतं. त्यांच्या स्वतःच्या जेवणघरातही, वर्तमानपत्रवाले वर्गणीदारांना वाटतात त्या कॅलेंडरातलं एक पान काचेत घालून लावलेलं होतं. त्यामुळे चित्राचं त्यांना नवल नव्हतं. नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्यांनी डोळे किलकिले करून खोलीच्या चारी भिंती पाहिल्या, मग जमिनीवरच्या तातामी चटईवर मांडी घातली आणि परत पाहिल्या.

"त्सुकुदा, तू पण बस."

"गुडघे दुखतात, मॅडम."

"मग उभ्यानेच ऐक. या बाई स्टुलावर चढल्याच नव्हत्या."

२

खोलीत आणखी पाच चित्रं होती. पाचही भिंतीवर इतकी खाली लावलेली, की उभ्या माणसाला ती कमरेशी येत. ओगाता बसल्या तेव्हा मात्र प्रत्येक चित्र बरोबर डोळ्यांसमोर आलं. बाई जमिनीवर बसणाऱ्या, चित्रंही बसूनच बघायच्या. अशा खोलीत सहावंच चित्र तेवढं उंच कशाला जाईल?

"खाली जागा उरली नसेल," त्सुकुदा म्हणाला.

"जागा आहे. आणि नुसती जागाच नाही."

तोशिएबाईंच्या बसायच्या उशीशेजारी भिंतीच्या लाकडी पट्टीवर एक पितळी हूक ठोकलेला होता. पट्टीच्याच रंगाचा, त्यामुळे उभ्याने दिसत नव्हता. हूक रिकामा, नव्या चित्राची वाट बघत असलेला.

बाईंची धाकटी बहीण हारुए स्वयंपाकघरात बसली होती. दुपारी उदोनच्या जाड शेवया घेऊन आली तेव्हा तिलाच हे दिसलं होतं. उदोनचं भांडं अजून तिच्यापुढे झाकलेलं होतं.

"तो हूक योशिनोरीने ठोकला. ताईचा मुलगा," ती म्हणाली. "रविवारी आला होता. ताईने सांगितलं, नवं चित्र येणार आहे, माझ्या उशीजवळ हवं. तो कुरकुरला, पण ठोकून गेला."

"कुरकुरला का?"

"त्याला ताईला वृद्धाश्रमात ठेवायचं होतं. चांगल्या, हां. समुद्राकाठच्या. ताई म्हणायची, तिथल्या भिंती सिमेंटच्या, माझी चित्रं लावू देणार नाहीत. त्यावरून दोघांचं वाजलं. हे घर पाडून तिथे औषधांचं तिसरं दुकान काढायचंय त्याला."

"आणि तुमचं ताईंशी कधी वाजलं नाही?"

हारुएने भांड्याचं झाकण सरळ केलं. "रोजच. मी म्हणायचे, ताई, छापील चित्रं ती, त्यांच्यापुढे काय देवासारखी बसतेस? गेल्या वर्षी मीच तिला एक आणून दिलं होतं, पॅरिसच्या ओल्या रस्त्याचं, छत्र्या घेतलेली माणसं. किती ठसठशीत. फरशी अन् फरशी मोजून घ्यावी. तर ते तिने दुकानात परत देऊन बदलून आणलं. काय आणलं, तर गवताची गंजी, तीही धुक्यात. मला इतका राग आला, की आठवडाभर आले नाही." तिने नाक पुसलं. "आता वाटतं, आठवडा कशाला घालवला."

"नवं चित्र आज कोण घेऊन आलं?"

"दुकानातली बाई. सुट्टीच्या दिवशी स्वतः पोचवते म्हणाली होती. ताई तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून घेतच नसे."

"नाव?"

"काजी-सान."

त्सुकुदाने एकदम मान वर केली. त्याच्या तोंडावरचा सरळपणा गेला होता.

३

अंगणात आल्यावर तो हळू आवाजात बोलला. "काजी नावाची तिसरीतली मुलगी होती, मॅडम. मिहो. मागल्या वसंतात शाळेजवळच्या वळणावर गाडीखाली गेली. गाडी या तोशिएबाईंची."

"केस?"

"मिटली. सिग्नल नव्हता, दुसरं कुणी बघणारं नव्हतं. बाई म्हणाल्या, मुलगी एकदम धावत रस्त्यात आली, मला स्पष्ट दिसली, ब्रेक दाबला, पण उशीर झाला. गाडीचा वेग कमी होता, बाई प्यायलेल्या नव्हत्या, लायसन्स चालू होतं. मुलांनी धावत रस्ता ओलांडू नये, यावर सगळ्यांचं एकमत झालं. शाळेत अजून दर तिमाहीला सांगतात, मिहो-चानसारखं करू नका म्हणून. आणि पुढचं ऐका. मुलीच्या आईबापांनी या घरी येऊन तोशिएबाईंची माफी मागितली होती. आमच्या मुलीमुळे तुम्हाला उतारवयात त्रास झाला म्हणून. मी होतो तेव्हा दारात, आत कुणी गेलं नाही."

"आणि तोशिएबाईंनी?"

"वाकून नमस्कार केला. त्यानंतर गाडी विकली. चित्रं घ्यायची ती त्या आईच्या हातूनच घ्यायची, असं धरलं असेल. तेवढीच मदत."

मुलगा योशिनोरी आला तो पांढऱ्या कोटावरच. औषधांच्या दोन दुकानांचा मालक, बोलणं मोजून मापून. आईचं दर्शन घेताना त्याचे खांदे हलले. तो नाटक करत नव्हता, हे ओगातांना दिसलं. हूक त्यानेच ठोकल्याचंही त्याने लगेच कबूल केलं.

"मग तुमच्या आईंनी दुसरा हूक, एवढा वर, कशाला ठोकला असेल?"

"मला काय माहीत? म्हातारी माणसं हट्टी असतात."

"त्यांची नजर कशी होती?"

"उत्तम," तो म्हणाला. उत्तर फार लवकर आलं. "या वयातही सुईत दोरा ओवायची."

ओगातांनी मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेल्या. कपाटात सोया सॉसच्या बाटलीला लाल रबर लावलेलं होतं, व्हिनेगरच्या बाटलीला निळं, तेलाच्या बाटलीला दोन. टेलिफोनच्या पाचाच्या आकड्यावर मेणाचा थेंब. शिवणाच्या डब्यात सुया होत्या, पण सगळ्या आधीच दोरा ओवून ठेवलेल्या, दुसऱ्या कुणीतरी. आणि मागच्या फळीवर डोळ्यांच्या गोळ्यांच्या बाटल्या. बऱ्याच रिकाम्या, धुऊन ठेवलेल्या, प्रत्येकीवर योशिनोरीच्या दुकानाचं लेबल. सर्वांत जुनीच्या लेबलाचा रंग उडाला होता. तिची मुदत केव्हाच संपली होती, मिहोच्या अपघाताच्या पुष्कळ आधी.

मग ओगाता खोलीत परतल्या आणि तोशिएबाईंच्या उशीवर जाऊन बसल्या. उशी भिंतीपासून हातभरही लांब नव्हती. जुन्या पाचही चित्रांच्या काचांवर, मध्यापासून जरा बाजूला, तेलकट पुसट ठसे होते. त्यांनी मान वळवून नाक काचेशी नेलं. ठसा नाकाचाच होता. बाई चित्र समोरून बघत नव्हत्या, मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने बघत होत्या.

मग त्या उठल्या आणि नव्या चित्राची काच तिरप्या उजेडात पाहिली. तिच्यावर नाकाचं सोडा, बोटाचंही काही नव्हतं. फ्रेमवरही नाही. नव्या कोऱ्या फ्रेमला उघड्या हातांनी कुणी भिंतीवर चढवलं असतं, तर सोनेरी कड अशी राहिली नसती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी. डिपार्टमेंट स्टोअरच्या सहाव्या मजल्यावर, किमोनोंच्या पलीकडे, चित्रांचा विभाग होता. दोन म्हाताऱ्या मैत्रिणी एका कमळांच्या तळ्यापुढे उभ्या होत्या. एक म्हणत होती, सोफ्याला शोभेल. दुसरी म्हणत होती, सोफाच बदल.

काजी यासुयो चाळिशीच्या आतली, सडपातळ, केस गच्च बांधलेली बाई. ओगातांना तिने काउंटरमागच्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला.

"मी चित्र दारातच दिलं," ती म्हणाली. "आत गेले नाही. त्यांना आराम करायचा होता. त्या पडल्याचं हारुए-सानच्या फोनवरून कळलं. स्वतः टांगायला नको होतं त्यांनी. मला सांगितलं असतं, तर…" पुढचं वाक्य तिने चहाच्या वाफेत सोडून दिलं.

"तुम्हाला त्यांचा राग येत नव्हता?"

"राग?" यासुयोने शांतपणे विचारलं. "चूक आमच्या मुलीची होती. सगळ्यांनी तेच सांगितलं. त्या बिचाऱ्या दर महिन्याला उदबत्ती लावायला येत. मिहोला आवडायचा तो बीनचा केक आणत."

"मला घरी एक चित्र घ्यायचंय," ओगाता म्हणाल्या. "ते तिथे कसं दिसेल? त्या रिकाम्या भिंतीवर लावून दाखवता?"

यासुयोने खिशातून पांढरे सुती हातमोजे काढून चढवले. सवयीचे हात. रन्वारची एक बाग तिने दोन्ही बाजूंनी धरली, एका दमात उचलली, हुकावर सोडली, दोन पावलं मागे आली, डावी बाजू केसभर वर केली. चित्राचा मध्य बरोबर उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर आला. विभागातली सगळी चित्रं त्याच ओळीत होती.

"छान. आता मला हे बसून बघायचं असेल तर?"

"बसून?"

"जमिनीवर. तोशिएबाई बसायच्या तशा."

यासुयोचा हात फ्रेमवरच राहिला.

"त्या घरात एकही चित्र एवढं उंच नाही, काजी-सान. तुम्ही पूर्वी कधी त्या खोलीत गेला नव्हता, म्हणून तुम्हाला ठाऊक नव्हतं. चित्रं आधी दुकानाचा पोऱ्या पोचवायचा आणि मुलगा टांगायचा. मुलाला ठाऊक होतं. बहिणीला ठाऊक होतं. नवा हूक खाली तयार होता, तोही त्या दोघांना ठाऊक होता. त्या दोघांपैकी कुणी अपघाताचा देखावा केला असता, तर चित्र त्याच हुकावर लावलं असतं आणि स्टूल आणलंच नसतं. ज्याने ते वर लावलं, त्याला चित्र लावायची एकच उंची ठाऊक होती. आणि त्याच्या हातात मोजे होते."

समोरच्या दोन मैत्रिणी अजून सोफ्यावरून भांडत होत्या. यासुयोने एकेक बोट सोडवत मोजे काढले आणि घडी करून काउंटरवर ठेवले.

"इथे नको," ती म्हणाली. "त्यांना कमळांचं चित्र घ्यायचंय. त्यांचं होऊ दे."

५

तिने सगळं गाडीत सांगितलं. त्सुकुदा पुढे बसला होता, तो एकदाही मागे वळला नाही.

"त्यांनी आत बोलावलं. खूश होत्या. म्हणाल्या, तुम्हाला माझी पहिली सखी दाखवते. उशीजवळचं जुनं चित्र दाखवलं, एका धुकट पुलाचं. मी सहज विचारलं, तुम्हाला अशीच धुक्याची का आवडतात? ठसठशीत असतात ती तुम्ही परत आणता. तर हसल्या. म्हणाल्या, यासुयो-सान, तुम्हाला म्हणून सांगते. कुणाला बोलू नका. माझ्या डोळ्यांचं मधलं सगळं गेलंय. माणसाचा चेहरा बघायला जावं, तर चेहऱ्याच्या जागी डाग. फक्त कडा दिसतात. या चित्रांपुढे बसलं की बरं वाटतं. इथे सगळ्यांनाच असं दिसतं. इथे मी चारचौघांसारखी."

ओगातांनी वही बंद केली.

"मी विचारलं, कधीपासून? त्या म्हणाल्या, हा पूल घेतला तेव्हापासून, चार वर्षं झाली. मग त्यांच्याही लक्षात आलं. तोंड मिटलं त्यांनी. मी म्हटलं, चार वर्षं? मग मिहो धावत आली, ते पाहिलं कुणी?"

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मला काही दिसलंच नाही. धक्का बसला आणि मी उतरले. पोलिसांनी विचारलं, मुलगी धावत आली का? मी हो म्हटलं." यासुयो खिडकीबाहेर बघत होती. "माझी मुलगी हात वर करून रस्ता ओलांडायची. मी शिकवलं होतं. वर्षभर मी तिच्या फोटोपुढे बसून तिला बोलत होते. म्हणत होते, कशाला धावलीस? एवढं सांगितलं होतं ना? रोज तिला रागावत होते मी. आणि या बाईंच्या घरी आम्ही दोघं माफी मागायला गेलो, तर त्यांनी ती घेतली. घेतली हो त्यांनी. तिथेच सांगितलं असतं तर…"

"आणि मग?"

"त्यांनी माझा हात धरला. तुम्ही मला मुलीसारख्या, म्हणाल्या. मी हात झटकला. झटकला नाही, ढकललं. खोटं कशाला सांगू. त्या स्टोव्हवर गेल्या. पडल्या पडल्या वर बघत होत्या, पण मी दिसत नव्हते त्यांना. विचारलं, यासुयो-सान, तुम्हाला नाही ना लागलं? त्यांना वाटलं, दोघी पडलो."

ठाण्याच्या फाटकाशी यासुयो म्हणाली, "मी फोन करायला हवा होता. मी हातोडी शोधली."

६

दुसऱ्या दिवशी योशिनोरीला ओगातांनी बोलावलं आणि डोळ्यांच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या टेबलावर मांडल्या.

"आईंना दिसत नाही, हे तुम्हाला अपघाताच्या आधीपासून ठाऊक होतं."

"जीवनसत्त्वं आहेत ती. कुणीही घेतं."

"त्या दिवशी त्या गाडीने कुठे चालल्या होत्या?"

त्याने एक बाटली हातात घेतली, परत ठेवली. उत्तर कागदोपत्री होतंच. त्याच्या मुलीला पियानोच्या शिकवणीहून आणायला.

"मी तिला म्हटलं होतं, सावकाश चालव," शेवटी तो म्हणाला. "नेहमीचा रस्ता. बायको कामावर, मी दुकानात. दुसरं कोण होतं? आणि ती नाही म्हणाली नाही. नाही म्हटलं असतं, तर वृद्धाश्रमाचा विषय निघाला असता. तिलाही ते नको होतं."

"तुमच्यावर काही येणार नाही," ओगाता म्हणाल्या. "कायद्याला तुमच्यापर्यंत यायला रस्ता नाही. पण तुम्ही एवढंच लिहून दिलंत, की आईंना तेव्हा दिसत नव्हतं, तर अपघाताची केस परत उघडेल. मुलीवरचा ठपका जाईल. नाहीतर काय उरतं? मेलेल्या बाईचं बोलणं, तेही जिने तिला मारलं तिच्या तोंडून. त्यावर कुणी कागद हलवणार नाही."

योशिनोरीने बाटल्या एकेक करून सरळ केल्या, लेबलं एका बाजूला येतील अशा.

"माझी मुलगी त्याच शाळेत आहे, मॅडम," तो म्हणाला. "तिला तिथे अजून शिकायचंय."

त्याने सही केली नाही.

संध्याकाळी त्या काजींच्या घरी गेल्या. यासुयोचा नवरा गोदीत क्रेन चालवायचा. कामावरून आला तसाच, त्याच कपड्यांवर बसला होता. बायकोने काय केलं ते त्याला सांगून झालं होतं. त्याने एकच विचारलं.

"म्हणजे मिहो धावली नव्हती?"

"नव्हती."

"हे कागदावर येईल?"

"नाही."

त्याने हात मांडीवर पुसले. मग म्हणाला, "शनिवारी शाळेत पालकांची सभा आहे. तिथे येऊन सांगाल? नुसतं तोंडी. मी सांगितलं तर म्हणतील, खुनी बाईचा नवरा."

ओगातांना तसं करायची परवानगी नव्हती. त्सुकुदाने दोनदा आठवण करून दिली, बढती, चौकशी, सगळं. तरी शनिवारी त्या गेल्या, वर्दी न घालता, आणि मुख्याध्यापक नको नको म्हणत असताना उभ्या राहिल्या. तिसरीतली काजी मिहो हात वर करून, चालत रस्ता ओलांडत होती, असं मानायला माझ्याकडे कारण आहे, असं त्यांनी सांगितलं. गाडी चालवणाऱ्या बाईंना समोरचं दिसत नव्हतं, असंही. कुणाकडून कळलं ते सांगितलं नाही, कुणाला आधीपासून ठाऊक होतं तेही सांगितलं नाही. तेवढं त्यांच्या नोकरीने बांधलेलं होतं.

पालक संघाचा उपाध्यक्ष म्हणून योशिनोरी पहिल्या रांगेत बसला होता. आईच्या दुःखाची काळी फीत लावलेली. आजूबाजूच्या बायका त्याच्याकडे हळहळून बघत होत्या. कुणीही प्रश्न विचारला नाही. मुख्याध्यापकांनी आभार मानले आणि सभा सहलीच्या विषयाकडे वळली. मागच्या दाराशी क्रेनवाला काजी उभा होता. त्याने ओगातांना कमरेत वाकून नमस्कार केला आणि निघून गेला.

पुढच्या तिमाहीत रस्त्याच्या नियमांच्या तासाला मुलांपुढे मिहोचं नाव घेतलं गेलं नाही. ती धावली नव्हती, असंही कुणी सांगितलं नाही. नाव नुसतं गाळलं. आणि त्याच महिन्यात तोशिएबाईंच्या घराच्या जागी दुकानाचा पाया खणायला सुरुवात झाली.